चौथी खूण

मंगळवारी सकाळी रफीकभाईंच्या नंबरवरून लोकेशन आलं. नुसतं लोकेशन, वर-खाली एक अक्षर नाही. त्यात नवल काहीच नव्हतं. यवतमाळ जिल्ह्यात कुठल्याही विहिरीवर मोटर बसवायला गेले, की रफीकभाई तिथून त्या विहिरीचा ठिपका मला पुण्याला पाठवायचे आणि मी विचारायचो, "किती खोल?" मग ते कळवायचे, साठ फूट, पाणी वीस. झालं आमचं खुशालीचं बोलणं. त्या दिवशीही ऑफिसच्या लिफ्टमध्ये उभ्या उभ्या मी सवयीनं लिहिलं, "किती खोल?" बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, ते त्यांच्या मुलीचं : "अंकल, मी निलोफर. अब्बा काल गेले. हे कब्रस्तानचं लोकेशन आहे. अम्मी म्हणाली, तुम्हाला पाठव."

मी माझा प्रश्न पुसायला धावलो. पण तिनं तो वाचलेला होता. रफीकभाई असते तर पोट धरून हसले असते आणि भाभींना हाक मारून सांगितलं असतं, "आयकलं का, थो पुण्याचा इंजिनेर काय विचारून राह्यला..." मी मात्र लिफ्ट तळमजल्याला येऊन परत वर जाईपर्यंत आतच उभा होतो. विहिरीवरून घरी आले, हातपाय धुतले, चहा मागितला आणि चहा यायच्या आत खुर्चीतच गेले, एवढं मला नंतर फोनवर कळलं. वय पंचावन्नच्या आसपास. दुखणं नाही, खुपणं नाही.

मी इंजिनिअर वगैरे नाही. नकाशे करतो. पूर्वी कागदावर व्हायचे ते आता संगणकावर होतात, एवढाच फरक. ही विद्या मी यवतमाळात शिकलो आणि रफीकभाई माझ्यासोबत, एकाच बाकावर बसून शिकले. कापसाची ती वाईट वर्षं होती. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात दोन गोष्टींना तोटा नव्हता, समित्या आणि पाहुणे. दिल्लीचे, मुंबईचे, कुठकुठले लोक यायचे, लॉजवर उतरायचे आणि पहिली गोष्ट मागायचे नकाशा. कुठं किती विहिरी, कुठं किती ओलीत, नाला कुठून जातो. आमच्याकडे होते ते जुने गावनकाशे, घडीवर फाटलेले, वाळवीनं खाल्लेले. तेव्हा एका संस्थेनं बियाण्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्या घेतल्या, सहा संगणक मांडले आणि एका वर्षाचा कोर्स काढला. पास झालात तर संस्थेच्याच पाणलोटाच्या कामात सर्वेक्षकाची एक जागा मिळेल, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्ही चौदा जण होतो. तेरा जण वीस-बावीसचे आणि एक रफीकभाई, छत्तीस वर्षांचे.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कापसाच्या एका जिनिंगमध्ये ते फिटर होते. कापूस कमी येऊ लागला तसं जिनिंग आधी एका पाळीवर आलं, मग बंद पडलं. वडिलांपासून विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचा धंदा घरात होताच, पण कापसाचा पैसा नाही तिथं इंजिन दुरुस्त करतो कोण? दोन लेकरं शाळेत. ती सर्वेक्षकाची जागा त्यांना हवी होती. आम्हा बाकीच्यांना पुणे-नागपूर दिसत होतं, त्या एका जागेकडे आमचं कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं. ती रफीकभाईंचीच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

पहिले पंधरा दिवस त्यांनी फार हाल काढले. माउस ते पाना धरल्यासारखा धरायचे, बोटं पांढरी होईपर्यंत. स्क्रीनवर शेताची हद्द गिरवायची असते. ठिपक्यामागून ठिपका टाकत जायचं आणि शेवटी जिथून निघालो तिथं येऊन मिळवायचं. नाही मिळवलं तर संगणक त्याला शेत मानतच नाही. आम्हा पोरांना सर पुन्हा पुन्हा हे समजावून थकले, आमची शेतं उघडीच राहायची. रफीकभाईंना एकदा सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हंजे बांध-धुरा उघडा ठेवला तं ढोरं शिरतात, असंच ना?" सर खुर्चीत मागे रेलून हसले. त्या दिवसापासून आमच्या वर्गात "हद्द जुळव" असं कुणी म्हणालं नाही. "ढोरं शिरतील बे!" एवढंच.

मी वर्गात सगळ्यात हुशार. हे मी सांगत नाही, तेव्हा सगळेच सांगायचे आणि मला ते पटायचं. त्यामुळे शेवटच्या प्रकल्पासाठी सरांनी माझी जोडी रफीकभाईंशी लावली तेव्हा मी घरी जाऊन आदळआपट केली. आई म्हणाली, "त्याच्या संगं राह्यलास तं काही बिघडत नाही तुह्यं, चार माणसाईत बोलाले शिकशीन." मला चार माणसांत बोलायचं नव्हतं, मला पहिला नंबर हवा होता. कामाची वाटणी मीच केली : मी संगणकावर नकाशा बसवणार, रफीकभाईंनी जीपीएसचं पिवळं यंत्र घेऊन गावातल्या विहिरी फिरायच्या. उंटावरून शेळ्या हाकायचं काम मी माझ्याकडे ठेवलं, हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

गाव मारेगावच्या पुढचं. नाव देत नाही, कारण त्या गावच्या अकरा विहिरी मी एकदा टेकाडावर नेऊन ठेवल्या होत्या आणि गावकऱ्यांना ते अजून ठाऊक नाही. रफीकभाई तिथं सायकल घेऊन आठ दिवस राहिले. एकतीस विहिरी. प्रत्येक विहिरीच्या काठाला उभं राहून यंत्राला उपग्रह सापडेपर्यंत थांबायचं, मग आकडे वहीत उतरवायचे, खोली, पाणी, सर्व्हे नंबर. आणि एक रकाना त्यांनी स्वतःच आखला होता, "लोक काय म्हणतात". बुढीची इहीर. आंबेवाली. खारी. मी म्हटलं, हा रकाना कशाला, नंबर आहे ना? तर म्हणाले, "नंबर तलाठ्याले माहीत राह्यते. रस्ता इचारतांनी नंबर सांगशीन का तू?"

आता जरा धंद्यातलं सांगतो, कंटाळू नका. जुना गावनकाशा संगणकात घेतला, तरी तो पृथ्वीवर कुठं आहे हे संगणकाला ठाऊक नसतं. आपण त्याला खुणा द्यायच्या. नकाशावरची ही जागा म्हणजे जमिनीवरची ही जागा. तीन खुणा दिल्या की नकाशा ताणून-वळवून बसतो. मी एका दिवसात गावी जाऊन तिन्ही खुणांचे आकडे घेऊन आलो : तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, दोन नाल्यांचा संगम आणि गावाच्या टोकाचा मारोती. मारोतीपुढं कुणीतरी चहा दिला, तो प्यायलो आणि दुपारच्या एसटीनं परत. संस्थेत येऊन नकाशा बसवला, चूक आली शून्य. शून्य! मी सगळ्या वर्गाला बोलावून दाखवलं. सर वर्गात आधी कधीतरी म्हणाले होते, तीन खुणांवर नकाशा कधीच तक्रार करत नाही, चौथी दिली की बोलू लागतो. पण मी तेव्हा बहुधा खिडकीबाहेर बघत असेन. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही.

मग त्या नकाशावर रफीकभाईंच्या विहिरी टाकल्या. वीस बरोबर त्या-त्या शेतात पडल्या. अकरा मात्र भलतीकडे, कुणी शेजाऱ्याच्या वावरात, कुणी थेट नाल्याच्या पल्याड. परीक्षा दोन दिवसांवर. माझी चूक शून्य, म्हणजे चुकले कोण? अर्थात जिनिंगचा फिटर. मी त्यांना विचारलंसुद्धा नाही. वहीत सर्व्हे नंबर होतेच, एकेक विहीर माउसनं धरली आणि "बरोबर" शेतात नेऊन सोडली. अकरा विहिरी, दहा मिनिटं. त्यांचे मूळ आकडे पुसले. नकाशा असा देखणा दिसायला लागला, की मी त्याला चौकटसुद्धा दुहेरी काढली.

रफीकभाईंनी तो छापलेला नकाशा पाहिला परीक्षेच्या सकाळी, संस्थेच्या जिन्यात. खाली फिकट छापलेल्या चढ-उताराच्या रेषांवरून बोटानं विहिरी मोजत गेले आणि थांबले.

"बुढीची इहीर टेकडावर कशी चढली बे?"

मी सांगितलं, मशीनची चूक होती, मी नीट केली.

"मशीन चुकली तं एकतीसही चुकाले पाह्यजे. अकराच काहून चुकल्या?"

मी चिडलो. दहा मिनिटांत आपला नंबर आहे, आता गप बसा, असं मी माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला म्हणालो.  त्यांची नजर नकाशावरून काही हटेना. त्यांना कसली काळजी लागली होती ते मला नंतर कळलं. संस्था त्या नाल्यावर बंधारा बांधणार होती आणि त्याचं पाणी कोणत्या विहिरींना पोचेल, त्यांची यादी आमच्याच नकाशावरून व्हायची होती. त्या चढ-उताराच्या रेषा वेगळ्या नकाशातल्या होत्या आणि तो जागेवर होता. माझ्या अकरा विहिरी त्यात टेकाडावर दिसणार. टेकाडावर पाणी चढत नाही, म्हणजे अकरा घरं यादीतून गेली.

परीक्षेला नागपूरहून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी नकाशा छान म्हटला, मग खुणा विचारल्या. मी तोऱ्यात सांगितलं : शिवेचा दगड, संगम, मारोती. चूक शून्य.

"कोनता मारोती?" शेजारून रफीकभाई म्हणाले.

मी म्हटलं, मारोती, गावाच्या टोकाचा.

"थो नवा आहे, मॅडम. गाव पह्यले खाल्ती, नाल्यापाशी होतं. पूर आला तं लोकं वर्ते सरकले, अन् वर्ते नवा मारोती बसवला. जुना खाल्तीच आहे, लिंबाखाली. बुढीच्या इहिरीचं इंजिन खोललं तवा मायं सामान त्याच्याच ओट्यावर राहे. या नकाशातला मारोती थो आहे. नकाशा पुराच्या आंधीचा आहे."

 मॅडम सावकाश म्हणाल्या, तीन खुणांवर शून्यच येणार, त्यात कौतुक काय? माझे कान तापले. पण त्यांचा पुढचा प्रश्न खरा होता. "नकाशा चुकलेला आहे, तर मग तुमच्या विहिरी त्यावर इतक्या नेमक्या बसल्या कशा? या कुणीतरी सरकवल्यात. कुणी?"

मी भिंतीकडे पाहिलं. त्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं, बैलजोडीचं. ते मला अजून दिसतं. रफीकभाईंनी माझ्याकडे पाहिलेलं मला कळत होतं... मी बैलांकडेच पाहत राहिलो.

"म्या सरकवल्या, मॅडम," रफीकभाई म्हणाले. "मशीन मायाच हातात होती. म्हटलं, नकाशा सरकारी आहे, थोच खरा असन."

मोजलेले आकडे बदलणं याला आमच्या धंद्यात माफी नाही, आणि नसावीच. रफीकभाई नापास झाले. मला खुणांबद्दल बोलणी बसली, पण संगणकाचं काम उत्तम म्हणून मी पास झालो, पुण्याची नोकरी मिळण्याइतका पास. सहा महिन्यांनी त्यांना पुन्हा बसायची परवानगी मिळाली. सर्वेक्षकाची जागा सहा महिने कोण थांबवतो? ती दारव्हा तालुक्यातल्या, बोरी अरबच्या एका मुलाला गेली.

बाहेर चहाच्या टपरीवर मी रडकुंडीला येऊन विचारलं, काहून केलं तुम्ही असं? ते बशीत चहा ओतत म्हणाले, "तुले बाहीर जायाचं आहे. तुह्यावर डाग लागला तं तुले कोन घेईन? मले कोठी जायाचं आहे, मी तं अठीच आहो." मी म्हटलं, मी आत्ता जाऊन सांगतो. "सांगजो," ते म्हणाले. "पन पह्यले ऐतवारी माह्यासंगं चाल. नकाशा नीट करू. यादी व्हायच्या आंधी."

रविवारी गेलो. लिंबाखाली जुना मारोती होता, शेंदराचे थर चढून नाकडोळे बुजलेला. ओट्यावर इंजिनच्या तेलाचे डाग होते, ते त्यांनी मला पुरावा म्हणून दाखवले. चौथ्या खुणेचे आकडे तिथं घेतले. पाचवी, सहावीही घेतली. बुढीनं, म्हणजे ज्यांची ती विहीर त्या म्हातारीनं, विचारलं, काय करून राह्यले रे पोट्टेहो? रफीकभाई म्हणाले, "तुयी इहीर हरपलती माय, सापडली." यवतमाळला येऊन नकाशा पुन्हा बसवला. चूक आली साडेचार मीटर. मी उतरल्या तोंडानं बघत बसलो, तर ते म्हणाले, "आता कसं खरं वाटते." वहीतले मूळ आकडे परत टाकले, अकराही विहिरी आपापल्या शेतात. तो नकाशा आम्ही सरांना दिला, यादी त्यावरूनच झाली आणि बंधाऱ्याचं पाणी बुढीच्या विहिरीला पोचलं.

सरांना मात्र मी काही सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही, पुण्याला जायच्या आदल्या दिवशी पेढे द्यायला गेलो तेव्हाही नाही.  कारणं खूप होती, आज त्यातलं एकही मला धड आठवत नाही. मी भ्यालो, एवढंच खरं. रफीकभाई सहा महिन्यांनी पास झाले. कुठं रोजंदारीवर सर्वेक्षणाची कामं मिळाली तर केली, बाकी इंजिनं, मग मोटरी. संस्था बंद पडली तेव्हा ते पिवळं यंत्र त्यांनी मागून घेतलं. मी पुण्यात चढत गेलो. दरवर्षी नव्या मुलांना मी चौथ्या खुणेची गोष्ट सांगतो, जुन्या-नव्या मारोतीसकट. मुलं हसतात. विहिरी कुणी सरकवल्या, हा भाग मी वगळत आलो. एकदा फोनवर धीर करून म्हटलं, "रफीकभाई, ते परीक्षेचं..." तर म्हणाले, "कोनती परीक्षा? आयक, काल खाऱ्या इहिरीले गोड पानी लागलं," आणि दहा मिनिटं त्यावरच बोलत राहिले.

ते गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मी यवतमाळला गेलो. घरात भाभी होत्या, निलोफर होती, रफीकभाईंचे धाकटे भाऊ शफीक होते. निलोफर आता शाळेत शिकवते. खुर्ची तिथंच होती आणि तिच्यावर कुणी बसत नव्हतं. बोलता बोलता निलोफर म्हणाली, "अब्बा आम्हाला अभ्यासाला बसवताना नेहमी एकच सांगायचे. म्हणायचे, म्या एकडाव इहिरी सरकवल्या अन् नापास झालो, तुमी असं करजा नोको."

मला वाटलं होतं, निदान घरी तरी त्यांनी खरं सांगितलं असेल. स्वतःच्या लेकरांपुढंही तो माणूस वीस वर्षं माझी चोरी आपल्या नावावर सांगत होता... मी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं. विहिरी मी सरकवल्या. त्यांचे आकडे मी पुसले. ते नापास झाले ते माझ्यामुळे, ती जागा गेली ती माझ्यामुळे, आणि मी बैलांच्या कॅलेंडरकडे बघत होतो. इथंही तेच लिहितो आहे, म्हणजे आमच्या सरांच्या, त्या मॅडमच्या आणि मी शिकवलेल्या मुलांच्या वाचनात आलं तर येऊ दे.

निलोफर माझ्याकडे बघतच राहिली.  भाभींनी पदर सावरला.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव नाही घेतलं त्यायनं कधी. पन या माणसानं जिंदगीत कोनाच्या मोटरीचा नट बिना इचारता सरकवला नाही, थो इहीर काय सरकवन? म्या एकडाव म्हटलं, खोटं काहून बोलता लेकराईपाशी? तं म्हने, गोष्ट खरी आहे ना, मंग नाव कोनाचं का असंना."

मी रडलो. चाळिशी ओलांडलेला माणूस परक्याच्या घरी रडताना चांगला दिसत नाही, पण भाभींनी रडू दिलं.

संध्याकाळच्या आत आम्ही कब्रस्तानात गेलो. फोनमधला निलोफरचा ठिपका मला फाटकावर घेऊन आला आणि तिथंच संपला. "मी इथूनच पाठवलं होतं," ती म्हणाली. "आमच्याकडे बाया आत जात नाहीत. अब्बा आतमध्ये कुठं आहेत, मला बरोबर माहीत नाही." तिनं पिशवीतून ते पिवळं यंत्र काढून माझ्या हातात दिलं. सेल नवे घातलेले होते. मी शफीकभाईंच्या मागून आत गेलो. एका बाभळीच्या अलीकडे माती अजून उंच होती. उजव्या बाजूला उभा राहिलो आणि यंत्र सुरू केलं. जुनं यंत्र, उपग्रह शोधायला वेळ लागतो. रफीकभाई विहिरीच्या काठावर थांबायचे तसा थांबलो. शफीकभाईंनी तोवर दुवा मागितली. आकडे स्थिर झाले, मी ते साठवले. नावाचा रकाना आला तेव्हा फाटकाकडे ओरडून विचारलं, "नाव काय देऊ?"

"लोक काय म्हणतात ते," निलोफर तिकडून म्हणाली.

मी 'रफीकभाई' लिहिलं. बाहेर येऊन आकडे तिला दाखवले आणि तिच्या फोनमधला फाटकावरचा ठिपका उचलून आत, बाभळीपाशी नेला. यंत्र मी तिच्याकडेच ठेवून आलो. त्यात त्या गावच्या एकतीस विहिरी अजून तशाच आहेत, जिथल्या तिथं. बत्तिसावा ठिपका रफीकभाईंचा, आणि तो मी जागेवर उभं राहून घेतला आहे.